आधी हाक मारायची

धाराशिव,
१० नोव्हेंबर

दादा,

पाकिटावर मागं माझं नाव टाकलेलं नाही, नुसता विद्यापीठाचा पत्ता आहे. तुझा पत्ता कारखान्याचा घातलाय, घरचा नाही, म्हणून तुझ्या घरात हे पत्र जाणार नाही. इचलकरंजीचा पत्ता कुणी दिला ते मात्र विचारू नको.

आयच्या मातीला आला होतास तेव्हा तू म्हणाला होतास, "मला आता मेलेला समजा. बायकोला काय माहीत न्हाय माझं. होऊ बी देऊ नका." मी तसंच समजून राहिले. पण सध्या ज्या भीतीत आहे ती सांगायला दुसरं माणूस नाही. कुणालाही सांगायचं तर आधी आपण पारधी आहोत इथपासून सुरुवात करावी लागते, आणि भीती नेमकी तिथंच आहे.

मी पीएच.डी. करतेय. विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात लागलेय. बायकांच्या अंगात रक्त कमी का पडतं, याचा अभ्यास. गावात मुक्काम करायचा, बाईच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, आणि तिच्याशी निवांत बोलायचं. काय खातेस, कधी खातेस, घरात आधी कोण जेवतं. आम्ही तिघं असतो. मी, पुण्याची आरोही आणि कळंबकडच्या देशमुखांचा रणधीर. आमच्यावर महादेवी मॅडम. उमरग्याच्या लिंगायत घरातल्या. विभागाच्या प्रमुख झालेल्या त्या पहिल्याच बाई. चिडल्या की कन्नडमध्ये बोलतात, आणि एरवी माझा डबा बघून स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी माझ्याकडं सरकवतात. माणूस वाईट नाही.

तेरच्या पलीकडं एका गावात काम चाललंय. गावाचं नाव लिहीत नाही. द्वारकाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी मी आणि आरोही राहतो. पहिल्याच दिवशी म्हातारीनं विचारलं, "काळे म्हंजी कुठलं गं तुमी?"

तू शिकवलेलंच उत्तर दिलं. करमाळ्याकडचे. पुढं काही बोलायचं नाही, हसायचं.

"मग आपलेच की," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. गरम, पापुद्रा सुटलेली. दादा, मला ती गिळता येईना.

आता खरं कारण सांगते. परवा मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं की अनुदान देणाऱ्या संस्थेला संशोधकांच्या गटात सगळ्या समाजाची माणसं हवी आहेत, आणि आपला गट त्यात नमुना ठरेल. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सोजर, तू आमचा अभिमान आहेस. धाराशिवच्या कार्यक्रमात मी तुझी ओळख करून देणार आहे."

मीटिंग सुटल्यावर मी त्यांच्या मागं गेले. म्हटलं, "मॅडम, नका. माझा समाज सांगू नका."

त्या थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात? उलट ताठ मानेनं सांगायचं."

त्यांना वाटलं मला लाज वाटते. लाज नाही वाटत, दादा. मला भीती वाटते. या दोन्हींतला फरक त्यांना कसा सांगायचा ते सुचेना, आणि त्या जिना उतरून गेल्या.

तुझी,
सोजर


गावातून,
२४ नोव्हेंबर

दादा,

कार्यक्रम झाला. मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं. शाल घातली. टाळ्या झाल्या. फोटो काढताना मी खाली बघत होते, तर फोटोवाला म्हणाला, ताई, वर बघा की. मी वर बघितलं.

तोच फोटो जिल्ह्याच्या पेपरात आलाय. खाली लिहिलंय, पारधी समाजाची लेक करतेय संशोधन. माझं पूर्ण नाव. आम्ही ज्या गावात काम करतोय त्या गावाचं नाव. छापणाऱ्यानं कौतुकानंच छापलंय. एकही शब्द वावगा नाही.

आरोहीनं मोबाईलवर मला दाखवलं आणि गळ्यात पडली. "किती भारी गं!" म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

द्वारकाबाईला वाचता येत नाही. पण पारावर पेपर येतो, आणि पारावर आलेलं कुणाच्या चुलीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? मी त्या दिवशी बाहेर पडलेच नाही. ओट्यावरून पायांचे आवाज यायचे आणि मला वाटायचं, हे इथंच थांबणार. आपल्या पालावर रस्त्यानं गाडी आली की आय कशी चूल विझवायची, तसं काहीतरी विझवावं असं वाटत होतं. पण विझवणार काय?

संध्याकाळी म्हातारी बाहेरून आली. भाकऱ्या केल्या, वाढल्या. भाजी नेहमीसारखीच. मग मधल्या खोलीला तिनं कुलूप घातलं. त्या खोलीत तिचं धान्य असतं, सुनेची ट्रंक असते. आम्ही आल्यापासून तिला कधी कडीसुद्धा नव्हती. किल्ली तिनं कमरेला खोचली आणि मला विचारलं, "आनखी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी चार घरं झाली. एकाही घरात बाईनं बोट पुढं केलं नाही. एकीला ताप, एक शेतात चालली, एकीच्या नवऱ्यानं सांगितलं, रक्त बिक्त काय देत नस्तोय आमी. आरोही गेली तर मात्र त्याच्याच बायकोनं दिलं.

बायका माझ्यापुढं बोट करत नाहीत हे रणधीरला कळलं असावं. जेवताना म्हणाला, "तू काही दिवस घरी जाऊन ये ना." मी म्हटलं, का? तो म्हणाला, "असंच." मला त्याचा राग आला, पण तो खरंच काळजीनं बोलत होता. काळजीनं बोलणारी माणसं दार दाखवतात, तेव्हा काय करायचं असतं? तुला माहीत असेल. तू दार दाखवायच्या आधीच निघून गेलास.

पाणी प्यायला उठायचं तरी आता म्हातारीला हाक मारून उठते. उद्या कुणी विचारलं तर तिला सांगता यावं, की ही कुठं गेली नव्हती.

सोजर


धाराशिव,
२९ नोव्हेंबर

दादा,

अक्षर लागलं नाही तर फाडून टाक.

काल सकाळी मी न्हाऊन केस पुसत होते. बाहेर गलका झाला. सोसायटीचे चेअरमन रामहरी यांच्या विहिरीतली मोटर चोरीला गेली होती. ओट्यासमोर माणसं जमली. आधी पाच-सहा होती, मग मोजता येईना इतकी झाली. रामहरी पुढं होते. ओरडत नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली.

"ए पोरी, भाईर ये. कुणाची गं तू?"

"काळे."

"काळे लई हायेत. पेपरात आलंय समदं. तुझी मानसं कुठं हायेत ती सांग, मंग तू सुटलीस."

माझी माणसं. बा गेला, आय गेली, राहिलास तू. आरोहीनं मला आत ओढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ओट्यावर राहिलेली माझी बॅग बाहेर कुणीतरी उपडी केली. माझे कपडे, आतले कपडेसुद्धा, सगळ्यांसमोर. एकानं सुयांचा डबा उचलून विचारलं, ह्ये कशाला असतंय? कुलपं उघडायला का? काही जण हसले.

आरोहीनं मोबाईल काढला. "मी पोलिसांना बोलावते."

मी तिचं मनगट धरलं. "नको. पाया पडते तुझ्या, नको."

"अगं, ते आपल्या मदतीला येतील!"

ती खरंच तसं मानते, दादा. तिच्या घरी पोलीस म्हणजे आधार. आपल्या बाला किती वेळा उचलून नेलं आणि दर वेळी तो कसा वाकून परत यायचा, हे तिला त्या दारामागं कसं सांगू? मी नुसती मान हलवत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला. तिला कारण कळलं नाही, तरी तिनं ऐकलं.

रणधीर दाराबाहेर उभा होता. फटीतून मला त्याच्या चपला दिसत होत्या. तो म्हणत होता, "मॅडम आल्यावर काय ते बोलू. ती आमच्या टीमची आहे."

रामहरी म्हणाले, "देशमुख, तुम्ही आपल्यातले. तुमाला कोन काय म्हनतंय का? तुम्ही कडंला व्हा."

चपला बाजूला झाल्या. मी बघितलं ते. मग दिसल्याच नाहीत.

मला वाटलं, संपलं. दाराला धक्के बसायला लागले. तेवढ्यात द्वारकाबाई आरोहीला बाजूला सारून दारात गेली. बारकी म्हातारी, पण गावात सगळ्यांपेक्षा वयानं मोठी.

"रामहरी, ही पोर रातभर माझ्या कुशीला व्हती. पानी प्यायला उठली तर मला हाक मारून उठली. हिचं नाव घिऊ नकासा."

"मावशे, तू झोपली व्हतीस."

"म्या झोपत न्हाय रं आता. तुझा बाप मेला तवापासून गावातलं कोन कवा मरतंय ते जागी राहूनच बघतीया."

आणि तेवढ्यात जीप आली. रणधीरनं ती उलटी घेत थेट ओट्याला आणून भिडवली, मागचं दार घराच्या दारासमोर. मधे माणूस शिरायला जागा राहिली नाही. आरोहीनं मला ढकललंच आत.

निघताना म्हातारी माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा बाई आता. परत नगं येऊस."

बॅग तिथंच राहिली. तेरच्या पुढं येईपर्यंत मी जिपेत खाली बसले होते, सीटवर नाही, पायाजवळ. आरोही पण खाली बसली. का ते तिला विचारलं नाही.

सोजर


धाराशिव,
१४ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पत्रं परत आली नाहीत, एवढं मला पुरे आहे.

मॅडमनी मला ऑफिसात बसवलं. "तुझ्या सुरक्षिततेसाठी," म्हणाल्या. बाकीचे गावात जातात आणि मी त्यांनी आणलेले आकडे कॉम्प्युटरवर भरते. भिंतीवर प्रकल्पाचं नवं पोस्टर लागलंय, त्यात मधोमध माझा फोटो. म्हणजे फोटो गटात आहे आणि मी खोलीत आहे. रोज त्याच्यासमोर बसून काम करते. खिडकीखाली मोटारसायकल थांबली तरी माझा हात थांबतो.

मोटर सापडली. रामहरींच्या पुतण्यानंच काढून नेली होती, बांधाच्या भांडणावरून. भावकीत मिटलं. हे मला रणधीरनं सांगितलं. गावातून मला कुणीही काही कळवलं नाही.

सांगून झाल्यावर तो गेला नाही, खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "मी सगळ्यांना सांगतोय की जीप आणायची होती म्हणून कडंला झालो. खरं तसं नाही. आपल्यातले म्हटले ना, तेव्हा पायच मागं आले. जीप नंतर सुचली."

मी म्हटलं, "सुचली तर खरी."

"पण तुला दारातून काय दिसलं असंल, तेच डोक्यात येतं."

तो खरं बोलला, आणि त्यामुळं मला अंगात थोडी ताकद आली. त्याच दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. आरोही आणि रणधीर न सांगता मागं आले.

मी म्हटलं, "मॅडम, एक तर मला गावात पाठवा, नाहीतर पोस्टरवरून काढा."

"सोजर, तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"तुम्ही स्टेजवर माझा समाज सांगितलात तेव्हा हे विचारायचं होतं. मी नको म्हटलं होतं. तुम्हाला ती लाज वाटली. मला लाज कधीच नव्हती. मला माहीत होतं काय होतं ते. लहानपणापासून माहीत आहे."

वाटलं, गेली नोकरी, गेली पीएच.डी. मॅडमनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदरानं पुसत बसल्या.

मग म्हणाल्या, "मी या विभागात आले तेव्हा प्रत्येक सत्काराला मला पुढं बसवायचे, आणि ठराव झाल्यावर कळवायचे. मला ते इतकं बोचायचं. आणि मी तुझ्याशी तेच केलं की गं." वही पुढं ओढली. "तुला काय पाहिजे ते सांग. मी लिहून घेते."

दादा, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. आरोहीच बोलायला लागली, मग रणधीर, मग मी. कुणाचाही समाज त्याला विचारल्याशिवाय कुठं सांगायचा नाही. नव्या गावात आधी मॅडमनी स्वतः जाऊन बसायचं. कुणाला भीती वाटली तर ती का, हे सिद्ध करायला लावायचं नाही. आणि एकाला गावानं बाहेर काढलं तर बाकीच्यांनी तिथं काम चालू ठेवायचं नाही. या शेवटच्यावर मॅडम अडखळल्या. एवढं काम वाया जाईल, म्हणाल्या. पण लिहिलं.

मग मी एक गोष्ट सांगितली, जी मलाच सांगायला जड गेली. त्या गावाच्या गायरानावर पारध्यांचं पाल आहे. आमच्या अभ्यासात ती घरं नाहीत. आधीच्या कुठल्याच अभ्यासात नाहीत. "तिकडं कोणी बोलत नाही," असं सगळे म्हणतात. मी रोज जिपेतून तिथनं जायचे आणि ओढणी तोंडावर घ्यायचे. कुणी आपल्या बोलीत हाक मारली आणि मी वळून बघितलं तर?

मॅडम म्हणाल्या, "तिथल्या बायकांचं रक्त किती, हे आपल्याला माहीतच नाही मग."

"नाही."

"तू येशील?"

मला नाही म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

सोजर


धाराशिव,
११ जानेवारी

दादा,

जाऊन आले.

आधी मॅडम एकट्याच गावात गेल्या आणि रामहरींच्या ओट्यावर बसल्या. काय बोलणं झालं ते सगळं त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा रामहरी म्हणाले, "गैरसमज झाला जरा." माझ्याकडं बघून नाही, मॅडमकडं बघून. मी म्हटलं, "मी पारधी आहे. काम हेच करते. ज्यांना माझ्याकडून तपासून घ्यायचं नाही त्यांनी तसं सांगावं." आवाज फुटत होता, पण शब्द माझे होते, पेपरवाल्याचे नाहीत. काही घरांनी दार लावलं. काहींनी लावलं नाही. द्वारकाबाईनं माझे कपडे नीट घड्या घालून बॅगेत ठेवले होते. चहा दिला. बस मात्र म्हणाली नाही.

मग आम्ही गायरानाकडं वळलो.

दादा, मला वाटत होतं माझी भीती गावाची आहे. पण जीप मातीच्या रस्त्याला लागली तशी मी गावातल्यापेक्षा जास्त भ्याले. ही माणसं म्हणतील, इतके दिवस तोंड झाकून गेलीस, आता काय घ्यायला आलीस?

ज्वारी डोक्याएवढी झालीय आता. पालं दिसायला लागली. चार काठ्या, ताडपत्री, एक शेळी बांधलेली, चुलीवर भांडं. आणि पालाच्या दारांत बायका होत्या. त्यांनी जीप बघितली आणि पळाल्या.

सगळ्या. पोरं काखेत मारून, चूल तशीच पेटती टाकून, ज्वारीत. एक पोटुशी होती, पोट धरून पळत होती. क्षणात पाल मोकळं. कणसं हलताना दिसत होती, मग तीही थांबली. शेळी तेवढी ओरडत होती.

आरोही म्हणाली, "काय झालं? कुणाला बघून पळाल्या?"

मी म्हटलं, "आपल्याला."

आपण असेच पळायचो, आठवतं? तू माझ्या तोंडावर हात दाबून धरायचास. रस्त्यावरून गाडी गेली का ते बघायला आय डोकं वर काढायची. जिपेत कोण आहे हे आपण कधी बघितलंच नाही. जीप आली एवढं पुरे होतं. आणि आज जिपेत मी होते. माझ्या हातात सुयांचा डबा होता. त्या पोटुशीला पळवलं ते मी.

रणधीर जीप मागं घ्यायला लागला. मॅडम मला जा म्हणाल्या नाहीत, राहू दे म्हणाल्या नाहीत. माझ्याकडं बघत थांबून राहिल्या.

मी उतरले. ज्वारीच्या कडेला गेले. ओढणी काढून हातात घेतली. आणि आपल्या बोलीत हाक मारली. दादा, किती वर्षांनी. जीभ जड झाली होती. आधी शब्दच येईनात, नुसतं "माय" असं निघालं. मग आले. मी काळेची पोर. पोलीस नाही. गाडीतली माणसं माझी आहेत, कुणाला नेणार नाहीत.

काहीच झालं नाही. मी पुन्हा ओरडले. गटापुढं ती बोली मी कधी काढली नव्हती. मागं तिघं उभी होती आणि मला त्यांच्याकडं वळून बघायचं धाडस नव्हतं.

बऱ्याच वेळानं एक म्हातारी बाहेर आली. धाटं सरकवत, अंगावरचा पाला झटकत. माझ्याजवळ येऊन तिनं माझा चेहरा हातात धरून बघितला, बाजारात जनावर तपासावं तसा. मग फाडकन एक थोबाडीत मारली.

"जीप घिऊन येती," ती आपल्या बोलीत म्हणाली. "पोरगी आठव्या महिन्याची हाय. पडली असती तर? आधी हाक मारायची. मग यायचं."

माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. गाल जळत होता. मी म्हटलं, "चुकलं."

म्हातारीनं ज्वारीकडं तोंड करून काहीतरी ओरडून सांगितलं. एकेक करून बायका बाहेर आल्या. पोटुशी सगळ्यात शेवटी आली, धापा टाकत. तिच्या पायात काटा गेला होता. आरोही खाली बसून तो काढायला लागली.

म्हातारीनं दगडावर बसून हात पुढं केला. तिचं बोट इतकं राठ की सुई आधी आत जाईना.

"दाब की," ती म्हणाली. "भितीस कशाला?"

मी दाबलं. आता आम्ही जीप सडकेवरच उभी करतो, आणि तिथून हाक मारत चालत जातो. चौघंही.

तुझी,
सोजर